दाराबाहेरचं ‘हं’

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे टेपताई म्हणायचे, कारण मापाची टेप तिच्या गळ्यात कायम लोंबत असायची. जेवताना असायची, बसमध्ये असायची. नणंदेच्या लग्नात तर ती टेप घालूनच फोटोला उभी राहिली आणि फोटोत ती टेप हारासारखी आली. नवऱ्याने तो फोटो मुद्दाम चौकट करून भिंतीवर लावला. मापात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खिडकीसमोर उभी राहायची, डोळे बारीक करायची आणि कापड किती लागेल ते सांगून टाकायची. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. दुकानाचा मालक तसा खवट माणूस, पण कात्री तिच्या हातात दिली की निर्धास्तपणे चहाला निघून जायचा.

गंमत अशी, की या बाईच्या स्वतःच्या घरात एकही पडदा नव्हता. समोरच्या इमारतीतल्या बायका थट्टा करायच्या, “अगं, तुझा नवरा बनियन उलटं घालतो तेसुद्धा आम्हाला इथून दिसतं.” ती म्हणायची, “मग त्याला सांगा की ओरडून. माझं ऐकत नाही तो.” नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या अंधाऱ्या भोकात लोंबकळत असल्यामुळे त्याला घरातला उजेड आवडायचाच. लग्नानंतर त्याने एकदा कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “आमच्या घरी फार अंधार होता. मला नको.” त्याने पुन्हा विचारलं नाही. न विचारण्यालाच तो समजूतदारपणा समजायचा. असे पुष्कळ भले पुरुष असतात.

त्यांना दोन मुली. थोरली ठिपकी, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून ठिपकी. धाकटीला कोणी वेगळं नाव शोधायचे कष्टच घेतले नाहीत, ती छोटी. ठिपकी झाली तेव्हा टेपताईने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती: आपल्या पोरीला कधीही बंद दाराबाहेर उभं राहावं लागणार नाही. तिने झोपायच्या खोलीच्या दाराची कडीसुद्धा नवऱ्याकडून काढून घेतली. तिला आयुष्यात एवढंच साधायचं होतं, आणि ते साधलं असं ती धरून चालली होती.

ही गोष्ट समजायची तर तिच्या माहेरची मागची खोली आधी बघायला हवी.

त्या खोलीत तिची आई पडून असायची. आज त्या दुखण्याला नैराश्य म्हणतात, त्याला डॉक्टर असतात, गोळ्या असतात. तेव्हा त्या घरात त्याला एकच नाव होतं, ‘आईला बरं नाही’. वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. ते निघताना पोरांना एवढंच बजावायचे, “आवाज करू नका.” खोलीच्या खिडकीला जाड तपकिरी पडदा होता आणि फटीतून उजेड येऊ नये म्हणून त्याच्या कडा कपड्यांच्या चिमट्यांनी बंद केलेल्या असायच्या. भर दुपारी त्या खोलीत तिन्हीसांजा असायच्या. मधूनच आई उठायचीही. आंघोळ करायची, लेकीची वेणी घालायची, वडिलांच्या चालण्याची अशी नक्कल करायची की पोरं हसून लोळायची. मग पुन्हा काही दिवसांनी चिमटे लागायचे.

टेपताई तेव्हा चौथीत होती आणि तिचा भाऊ, धाकटा, पहिलीत. शाळेतून आलं की दोघं त्या दाराबाहेर उभी राहायची. आत जायचं नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. पण ‘आत या’ असंही कधी कोणी म्हटलं नव्हतं. एकदाच हाक मारायची, “आई?” आणि कानात प्राण आणून थांबायचं. आतून यायचं, “हं.” एवढंच. शेवटी जरा लांबलेलं, विहिरीत पोहरा टेकावा तसं खोल गेलेलं. ते आलं की धाकट्याचा जीव भांड्यात पडायचा. मग पाय धुवायचे, झाकलेलं खायचं, अभ्यास करायचा. ते येईपर्यंत मात्र दप्तरसुद्धा खाली ठेवायचं नाही, हा त्या दोघांचा नियम. बाहेरच्या कोणाला तो कळला असता तर हसू आलं असतं. त्यांना मात्र खात्री होती, की हं यायच्या आधी दप्तर ठेवलं तर ते येणारच नाही.

एके दिवशी ते आलं नाही.

दोघं थांबली. पुन्हा हाक मारायची सोय नव्हती, कारण हाक एकच. धाकट्याची चड्डी ओली झाली. मग त्याचा श्वास अडकायला लागला, ओठ काळेनिळे पडले. ती घाबरली. आईसाठी नाही, याच्यासाठी. तिने भिंतीकडे तोंड केलं, ओठ मिटले आणि घशातून अगदी आईसारखं म्हटलं, “हं.”

धाकट्याने लांब श्वास घेतला, दप्तर टाकलं आणि चड्डी बदलून खेळायला पळाला. इतकं सोपं होतं ते.

ती मात्र तिथेच उभी राहिली, कारण आतून आईचा आवाज आला. त्या दिवसातलं आईचं ते पहिलं वाक्य.

“बाहेर कोण बोललं?”

“कोणी नाही, आई,” ती म्हणाली.

मग पलंग करकरला. आई भिंतीकडे वळली असावी. आपलाच आवाज दाराबाहेरून ऐकल्यावर त्या बाईला अंधारात काय वाटलं असेल, हे टेपताईच्या पुढे आयुष्यभर मनात येत राहिलं आणि ती ते झटकत राहिली. पण त्यानंतर ज्या ज्या दिवशी हं आलं नाही, त्या त्या दिवशी तिने ते भिंतीकडे तोंड करून काढलं. हळूहळू त्यात इतका सफाईदारपणा आला, की आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते तिचं तिलाही सांगता येईना.

आई पुढे, ठिपकी व्हायच्या आधीच, मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. ते घर पाडलं. तिथे आता गाड्या उभ्या करायची जागा आहे. धाकटा शाळेची व्हॅन चालवायला लागला. हसरा माणूस, पोरांचा लाडका, पण बायकोने फोन उचलला नाही तर भर रस्त्यात गाडी बाजूला घेऊन घामाघूम होणारा. रोज दुपारी, पोरांना घरोघर सोडून झालं की तो बहिणीला फोन करायचा.

“ताई?”

“हं.”

की फोन बंद. दुकानातल्या बायका म्हणायच्या, “हे काय बोलणं म्हणायचं! निदान जेवलास का तरी विचार.” ती म्हणायची, “तो जेवलेलाच असतो.” बहीणभाऊ आहेत, असतं एकेकाचं, असं म्हणून सगळे सोडून द्यायचे.

आणि मग त्या आजीबाई दुकानात आल्या.

आजीबाईंना सुनेच्या खोलीसाठी पडदे हवे होते, काळं अस्तर लावून. “उजेडाचा कण येता कामा नये. दुसरं बाळंतपण झाल्यापासून सुनेला उजेडच सोसत नाही बघा. नुसती पडून असते.” टेपताई माप घ्यायला गेली. खोलीत पलंगावर ती सून कुशीवर पडली होती, तोंड मिटून, उघड्या डोळ्यांनी भिंतीकडे बघत. टेपताई स्टुलावर चढली. खिडकीच्या पट्टीला टेप लावली. तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून एक बारीक आवाज आला, “आई?”

चारेक वर्षांची मुलगी होती. आत येत नव्हती. उंबऱ्याच्या पलीकडे दोन्ही पावलं जुळवून उभी.

“हं,” आवाज आला.

मुलगी वळली आणि उड्या मारत गेली. टेपताईने पलंगाकडे पाहिलं. सुनेचे ओठ मिटलेलेच होते. तिने डोळे तेवढे भिंतीवरून काढून टेपताईवर रोखले होते, आणि त्या नजरेत भीती होती. आजीबाई दारातून म्हणाल्या, “काही म्हणालात का तुम्ही?”

टेपताईचा घसा अजून थरथरत होता. (पुढे, पुष्कळ पुढे, तिने त्या आजीबाईंना गाठून सुनेला डॉक्टरकडे न्यायला लावलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी ती नुसतं माप चिठ्ठीवर खरडून, टेप गुंडाळून घाईघाईने जिना उतरली.)

दुसऱ्या दिवशी तिने ते कापड कापलं, अस्तर लावलं, शिवलं. मालकाने ते मापाशी ताडून पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“हे कुठल्या खिडकीचं?”

“त्याच.”

“डोळे तपासून घे. ही बघ चिठ्ठी, तुझ्याच हातची. आणि हे बघ तू काय कापलंस.”

पडदा भलताच अरुंद आणि भलताच लांब होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. मालकाने कुरकुर केली, पण दुसरं कापड दिलं. तिने डोळ्यात तेल घालून माप घेतलं, खडूने रेघ ओढली, रेघेवर कात्री चालवली. शिवून झालं. पुन्हा तेच. तिने दुसरा पडदा पहिल्यावर पसरला. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, सुईच्या टोकाइतका फरक नाही.

मालकाने दोन्ही पडद्यांची घडी करून तिच्या हातात दिली. म्हणाला, “ते काम दुसरी कोणी करेल. हे घेऊन जा घरी. आराम कर चार दिवस.”

घरी तिने पडदे जमिनीवर अंथरले आणि बराच वेळ बघत बसली. मग एका पडद्याच्या कडेवरून बोट फिरवत गेली. इथे पहिला चिमटा, इथे दुसरा. बोट आपोआप थांबत होतं. मागच्या खोलीची खिडकी होती ती. जी खिडकी आता जगात नव्हती, तिच्यासाठी तिने पडदे शिवले होते, आणि एक सोडून दोन.

ते टाकून द्यायला हवे होते. तिने त्यातला एक झोपायच्या खोलीत लावून पाहिला, नुसतं बघू म्हणून. तो खिडकीला बसेना, खाली फरशीवर लोळत होता. तिने दुसरा शेजारी लावला. मग मधल्या फटीतून उजेड डोळ्यात जायला लागला, म्हणून तिने चिमटे आणले.

नवरा रात्री म्हणाला, “अरे वा, पडदे! शेवटी लागले म्हणायचे.” तिचा चेहरा पाहून म्हणाला, “पित्त झालंय तुला. झोप काढ, बरं वाटेल.” त्याच्या बोलण्यात कुठेच खोट नव्हती. सकाळी मुलींचे डबे तो स्वतःच करायला लागला, पोळीचे नकाशे झाले तरी तक्रार न करता. आणि कामावर निघताना मुलींना सांगायला लागला, “आईला बरं नाही. आवाज करू नका.”

ते वाक्य तिला आत ऐकू गेलं. ऐकून उठावंसं वाटलं, पण उठायचं कुठून सुरू करतात ते आठवेना. आधी हात की आधी पाय? अंगावर ओल्या चादरी टाकल्यासारखं जड झालं होतं. चार दिवसांचे किती झाले ते तिला कळलं नाही. दार नुसतं लोटलेलं असायचं, कडी नव्हतीच. पण ते कोणी ढकललं नाही.

दुपारी मुली शाळेतून यायच्या. चपला काढल्याचा आवाज यायचा, मग पावलं दाराशी येऊन थांबायची.

“आई?” हा छोटीचा आवाज.

आणि मग “हं” यायचं. शेवटी लांबलेलं, खोल गेलेलं. ते ऐकून मुली निघून जायच्या. टेपताई अंधारात पडून विचार करायची, हे मी म्हटलं का? घसा तर कोरडा आहे. ओठ तर मिटलेले आहेत. मग कोण म्हटलं? हे माझ्या आईचं हं आहे. मुलींनी तर आजीला कधी पाहिलंही नाही. तिला वाटायला लागलं, की आई या खोलीत आहे, पडद्यांबरोबर आली आहे. पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे चादर जरा दबल्यासारखी दिसायची, तिथे ती बघायची नाही. खरं सांगायचं तर तिला त्याची फारशी भीतीही वाटत नव्हती. उलट बरंच वाटायचं, की आपलं काम दुसरं कोणी करतंय.

एकदा मात्र तिने ठरवलं, की आज आपणच उत्तर द्यायचं. चपलांचा आवाज आला. पावलं आली.

“आई?”

तिने तोंड उघडलं. घशातून काही निघेना. एक क्षण गेला, दुसरा गेला. बाहेर छोटीने हुंदका दिल्यासारखं केलं. आणि तेव्हा आलं, “हं.”

ते आतून आलं नव्हतं. दाराबाहेरून आलं होतं.

आणि इतके दिवस न निघालेला आवाज टेपताईच्या तोंडून आपोआप बाहेर पडला.

“बाहेर कोण बोललं?”

बाहेरून ठिपकी म्हणाली, “कोणी नाही, आई.”

एक वाक्य तिने आयुष्यभर दाबून ठेवलं होतं, आणि ते तिच्या पोरीच्या तोंडात तिला सापडलं. ती पलंगावर उठून बसली. आधी हात की आधी पाय, ते विचारायला वेळच नव्हता. कारण बाहेर शिलाई मशीनवर ठेवलेला तिचा फोन वाजायला लागला होता. दुपारची ती वेळ. तिला आता आठवलं, की इतके दिवस तो रोज याच वेळी वाजत होता, आणि वाजून बंद पडत होता. धाकट्याचा जीव टांगणीला लागायला हवा होता. बहिणीने फोन उचलला नाही, तर तो व्हॅन टाकून धावत यायला हवा होता. तो आला नव्हता. का आला नव्हता?

ठिपकीची पावलं मशीनकडे गेली. फोन उचलला गेला. पलीकडून काहीतरी एक शब्द आला असणार.

“थांब!” टेपताई किंचाळली. दार ढकलून ती बाहेर आली. उजेडाने डोळे मिटले, गुडघा मशीनवर आपटला. ठिपकी भिंतीकडे तोंड करून उभी होती, दप्तर अजून पाठीवर, फोन कानाला, ओठ मिटलेले, म्हणायच्या बेतात. टेपताईने फोन ओढून घेतला.

“ताई?” धाकटा विचारत होता. “ताई?”

हं म्हणणं किती सोपं होतं. घशात तयारच होतं.

“नाही रे,” ती म्हणाली. “मला बरं नाही. खूप दिवस बरं नाही.”

“मग काल तर तू...”

“ती मी नव्हते.”

व्हॅनचं इंजिन तेवढं ऐकू येत राहिलं. मग धाकटा अगदी लहान आवाजात म्हणाला, “मग कोण होतं?”

“ठिपकी होती. तू ये. मला डॉक्टरकडे ने.” आणि जरा थांबून तिने सांगूनच टाकलं, “धाकट्या, तेव्हाही कित्येकदा आई नव्हती. मी होते.”

त्याने फोन बंद केला. तो आला तेव्हा ती पुन्हा खोलीत होती, कारण तेवढ्यानेच तिचे पाय लटपटायला लागले होते. पण ती पलंगावर बसलेली होती, आणि तिने हात लांब करून एक चिमटा काढला होता. उजेडाची एक पट्टी फरशीवर पडली होती. पलंगाची पलीकडची बाजू नुसती चादर होती, सुरकुतलेली.

धाकटा, एवढा बाप्या माणूस, बाहेरच्या दाराशी उभ्या दोन्ही भाच्यांना घेऊन धावत आला आणि उंबऱ्याशी येऊन थांबला. पावलं जुळवून. व्हॅनच्या किल्ल्या त्याच्या हातात होत्या, त्या त्याने खाली ठेवल्या नव्हत्या.

“ताई?”

तिने तिघांकडे पाहिलं.

“आत या,” ती म्हणाली.

छोटी पहिली पळाली, येऊन आईच्या मांडीवर आदळली. धाकटा आत आला, खाली बसला आणि बहिणीच्या गुडघ्यावर कपाळ टेकवून मुलासारखा रडला. ठिपकी मात्र तिथेच राहिली. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं होतं. तिची खांद्याची हाडं फ्रॉकमधून वर आली होती. जे टेपताईने तिच्यापुरतं तरी टाळायचं ठरवलं होतं, ते तिच्या डोळ्यांसमोर, उंबऱ्याबाहेर उभं होतं.

“ठिपके, ये ना.”

ठिपकीने मान हलवली. “मी आत आले तर बाहेरून कोण बोलणार?”

टेपताई उठली. छोटीला भावाच्या हातात दिलं, भिंतीला धरत धरत उंबरा ओलांडला आणि लेकीच्या शेजारी, त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

“कोणी नाही,” ती म्हणाली, आणि या वेळी ते खरं होतं.

ठिपकीने जरा वेळ कानोसा घेतला. मग तिने पाठीवरचं दप्तर खाली ठेवलं.